अडाण्यांचा आत्मविश्वास आणि शिकलेल्यांचा

ग्रामपंचायतीच्या निवडणुका आल्या की एक वाद ठरल्यासारखा उकरला जातो: सरपंच किती शिकलेला असावा? महाराष्ट्रात १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला सरपंच व्हायचे असेल तर तो किमान सातवी पास हवा, अशी अट आहेच. कुणाला ती दहावीपर्यंत न्यायची असते, कुणाला पदवीपर्यंत, कुणाला आमदार-खासदारांनाही लावायची असते, आणि गप्पा रंगल्या की दोन-चार जण थेट मतदारांपर्यंत पोचतात. हल्ली या मागणीला विज्ञानाचा टेकूही मिळाला आहे. ‘डनिंग-क्रूगर इफेक्ट ऐकलाय का?’ असे विचारले जाते. ज्याला येत नाही त्याला आपल्याला येत नाही हेही कळत नाही, म्हणून सगळ्यात अडाणी माणूसच सगळ्यात जास्त छाती काढून चालतो, हे म्हणे प्रयोगाने सिद्ध झाले आहे. यावर समोरच्याने बोलावे काय? विरोध केला तर तोच पुरावा ठरतो: बघा, याला कळतच नाही! वाद जिंकायला इतके सोयीचे हत्यार क्वचितच कुणाच्या हाती लागले असेल.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. येत नसताना ‘मला येते’ असे वाटणे खरे आहे आणि सर्रास आहे. पण त्याचा शाळेच्या दाखल्याशी संबंध फार थोडा. ज्या कामात चुकलेले काम स्वतःच लगेच आणि स्वच्छ सांगते, तिथे निरक्षर माणूसही आपल्या हाताची किंमत नेमकी ओळखून असतो. जिथे काम मुके असते, तिथे डॉक्टरेट घेतलेलाही फुगतो. म्हणून शिक्षणाची अट हे या दुखण्यावरचे औषध नाही. दुखणे एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे, असा तो प्रकार आहे.

आधी त्या प्रयोगाकडे वळू, कारण त्याचे नाव घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो नीट पाहिलेला दिसतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांनी विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेतल्या: विनोदाची जाण, तर्क आणि इंग्रजी व्याकरण. विनोद चांगला की वाईट हे ठरवायला व्यावसायिक विनोदवीरांनी दिलेले गुण प्रमाण मानले. मग प्रत्येकाला विचारले की शंभर जणांत तू कितीजणांच्या पुढे असशील? तळाच्या चौथाईतली मुले सरासरीने १२ जणांच्याच पुढे होती. त्यांना वाटत होते आपण ६२ जणांच्या पुढे आहोत. हा निबंध १९९९ साली छापून आला. त्यांचे स्पष्टीकरण देखणे होते. व्याकरणशुद्ध वाक्य लिहायला जे ज्ञान लागते, तेच आपले वाक्य अशुद्ध आहे हे ओळखायलाही लागते; ते ज्ञान नसले की माणसावर दुहेरी आपत्ती येते. तो चुकतो, आणि चुकल्याचे त्याला दिसत नाही.

आता यातले जे सांगितले जात नाही ते. ही तळाची मुले कोण होती? कॉर्नेलची. म्हणजे जगातल्या नामांकित विद्यापीठांपैकी एकात प्रवेश मिळवलेली. या प्रयोगात एकही निरक्षर शेतकरी नव्हता, एकही सातवी नापास सरपंच नव्हता. ज्या अभ्यासाच्या जोरावर आपण शाळा न शिकलेल्यांची अक्कल काढतो, तो अभ्यास आयुष्यभर परीक्षा पास होत आलेल्या मुलांच्या फाजील समजुतीचा आहे! दुसरे असे की, सगळीकडे फिरणारा तो टेकडीचा आलेख, ज्यात नवशिक्या माणसाचा आत्मविश्वास आभाळाला टेकतो आणि ज्ञान वाढू लागले की दरीत कोसळतो, तो मूळ निबंधात नाहीच. मूळ आलेखात तळापासून शेंड्यापर्यंत सगळ्यांचे अंदाज साधारण साठ-सत्तरच्या आसपास घुटमळतात. टेकडी नाही की दरी नाही. जवळजवळ सपाट रेघ. तळाचा माणूस वरच्यापेक्षा स्वतःला मोठा समजतो, असे त्यातून निघत नाही. एवढेच निघते की आपण सरासरीच्या जरा वर आहोत, असे बहुतेक सगळ्यांनाच वाटते.

संख्याशास्त्रज्ञांनी तर याहून पुढची शंका काढली. समजा एका वर्गातल्या कुणालाच आपल्या कुवतीचा काडीमात्र अंदाज नाही आणि प्रत्येकाने डोळे मिटून ‘पासष्ट’ असे सांगितले. आलेख कसा येईल? तळाची मुले पन्नास पायऱ्या फुगलेली दिसतील आणि वरची वीस-पंचवीस पायऱ्या विनम्र. म्हणजे अडाण्यांचा अहंकार आणि विद्वानांचा विनय ही दोन्ही चित्रे, कुणीही अहंकारी किंवा विनम्र नसताना, नुसत्या आकडेमोडीतून उमटू शकतात. पुढे काही संशोधकांनी यादृच्छिक, म्हणजे वाटेल तसे काढलेले, आकडे टाकूनही असाच आलेख काढून दाखवला. ज्यांना हा ‘इफेक्ट’ तोंडपाठ असतो त्यांना ही टीका ठाऊक नसते, यातली गंमत मी वाचकांवर सोडतो.

पण मग सगळेच खोटे का? नाही, आणि इथे मी विरोधकांना त्यांचे माप पुरेपूर घालतो. आकडेमोडीचा भाग वजा केला तरी काहीतरी उरते. त्याच गटाने पुढे एका आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेतले संघ तपासले. प्राथमिक फेऱ्यांत तळाचे चौथाई संघ पाचापैकी जवळजवळ चार सामने हरत होते आणि त्यांना वाटत होते की आपण साठ टक्के जिंकतो आहोत. याला नुसती आकड्यांची करामत म्हणता येणार नाही. मूळ निबंधातला चौथा प्रयोगही बोलका आहे. तर्काच्या परीक्षेत तळाला असलेल्यांना थोडा वेळ तर्क शिकवला आणि पुन्हा विचारले, तेव्हा त्यांनी आपल्या आधीच्या गुणांचा अंदाज स्वतःच खाली आणला. शिकवल्यावर त्यांना आपले अज्ञान दिसले. हा मुद्दा शिक्षणाच्या अटीच्या बाजूने जातो असे कुणी म्हणेल आणि त्याचे म्हणणे वरवर बरोबर आहे. पण नीट पाहा: त्यांना शिकवले ते तर्कशास्त्र, आणि सुधारला तो तर्कशास्त्रातलाच अंदाज. सातवीचा भूगोल शिकून पाणीपुरवठा योजनेच्या निविदेतले आपले अज्ञान दिसू लागते, असा प्रयोग अजून कुणी केलेला माझ्या पाहण्यात नाही.

मग माणूस आपल्याविषयी चुकतो तो कशाने? मला वाटते डनिंग-क्रूगर यांनी अर्धी गोष्ट बरोबर सांगितली. ज्ञान नसले की चूक दिसत नाही, हे खरे; पण चूक दिसायला प्रत्येक वेळी स्वतःच्याच डोक्यातले ज्ञान लागते असे नाही. कधीकधी ते ज्ञान कामाच्या साधनांत असते.

बांधकामावर पाहा. नव्या पोराने कमरेइतकी भिंत चढवलेली असते. त्याच्या डोळ्याला ती सरळ दिसते आणि तो खूश असतो. मिस्त्री त्याच्याशी वाद घालत नाही. तो ओळंबा काढतो, दोऱ्यातला ठोकळा भिंतीच्या वरच्या कडेला टेकवतो आणि लंबक खाली सोडतो. लंबक हेलकावे खात स्थिर होतो. ठोकळा आणि लंबक सारख्याच मापाचे, त्यामुळे भिंत सरळ असेल तर लंबक तिला जेमतेम स्पर्श करून थांबणार. इथे तो अर्धा बोट लांबच राहतो. म्हणजे भिंत वर पुढे झुकली आहे. ‘काढ वरचे तीन थर,’ एवढेच मिस्त्री म्हणतो. माल अजून ओला असतो, विटा निघतात, आणि पोराला कुणी अक्कल शिकवल्याचा अपमानही वाटत नाही, कारण बोलला तो ओळंबा. सहा महिने असे गेले की त्याला विचारा, किती उंचीपर्यंत तू एकट्याने भिंत चढवशील? त्याचे उत्तर कॉर्नेलच्या पोरांच्या अंदाजापेक्षा कितीतरी नेमके असेल. हा मुलगा शाळेत किती गेला होता, याची चौकशी करायची गरजच पडत नाही.

उलट बाजूला इतिहासातले डॉक्टर बसवा. दोन हजार वर्षे युरोपातले वैद्य तापापासून न्यूमोनियापर्यंत सगळ्यावर रोग्याची शीर कापून रक्त काढत होते. हे लोक अडाणी होते का? त्या काळातले सगळ्यात शिकलेले लोक ते हेच. लॅटिन येणारे, विद्यापीठात पदवी घेतलेले. डिसेंबर १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचा घसा सुजला तेव्हा उपलब्ध असलेले उत्तम डॉक्टर त्याच्या उशाशी होते आणि त्यांनी त्याच्या अंगातले बरेचसे रक्त काढले. त्याच रात्री तो गेला. इतकी शतके ही चूक कुणाला दिसली कशी नाही? कारण शरीर नीट उत्तर देत नाही. काही रोगी रक्त काढूनही बरे होतात, त्याचे श्रेय वैद्याला. काही मरतात, त्याचा दोष रोगाला, किंवा उशिरा बोलावणाऱ्या नातेवाइकांना. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसचे डॉक्टर पिएर लुई यांनी रोगी मोजायला घेतले: रक्त लवकर काढलेले इतके, उशिरा काढलेले इतके, त्यांतले वाचले किती. उपचाराचा गाजावाजा होता तेवढा उपयोग काही दिसला नाही. वैद्यांना नवी पदवी देऊन काही उपयोग झाला नसता. त्यांना हवा होता तो ओळंबा, आणि तो एका माणसाच्या वहीतून आला.

याच कारणाने हवामान वर्तवणारे, ज्यांची आपण येता-जाता टिंगल करतो, ते आपल्या अंदाजाविषयी कमालीचे प्रामाणिक निघाले आहेत. अमेरिकेत १९६५ पासून पावसाची शक्यता टक्क्यांत सांगितली जाते. तपासून पाहिले तेव्हा असे दिसले की ‘सत्तर टक्के’ म्हटलेल्या दिवसांपैकी साधारण सत्तर टक्के दिवशी खरेच पाऊस पडतो. आपल्याला किती कळते आणि किती नाही, हे इतके नेमके सांगणारे व्यावसायिक विरळाच. ते इतरांपेक्षा विनम्र घरात जन्मले म्हणून असे झाले का? दुसऱ्या दिवशी आभाळ उत्तर देते, बस्स.

इथे माझ्याच सिद्धान्ताला छेद देणारे एक उदाहरण समोर येते, आणि ते टाळून पुढे जाणे बरे नाही. शेअर बाजारातला फ्युचर्स-ऑप्शन्सचा, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर सौदे लावण्याचा धंदा. इथे उत्तर किती लवकर मिळते? सेकंदात. किती स्पष्ट? रुपये-पैशांत, लाल अक्षरांत. माझे म्हणणे खरे असेल तर इथल्या माणसाला आपली लायकी महिनाभरात कळायला हवी. प्रत्यक्षात शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत यात उतरलेल्या एक कोटीहून अधिक सामान्य माणसांपैकी शंभरातल्या ९३ जणांनी पैसे घालवले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. माणशी सरासरी काढली तर दोन लाखांच्या आसपास. आणि सगळ्यात अंगावर येणारी गोष्ट ही की लागोपाठ दोन वर्षे तोटा खाल्लेल्यांपैकी पाऊणशे टक्क्यांहून अधिक लोक तिसऱ्या वर्षीही खेळतच राहिले. जुलै २०२३ पासून ब्रोकरच्या ॲपमध्ये शिरतानाच सूचना दाखवावी लागते: दहापैकी नऊ जणांना तोटा होतो. लोक ती वाचतात, ‘समजले’ वर बोट ठेवतात आणि पुढे जातात. प्रत्येकाला तो दहावा आपणच आहोत याची खात्री असते. यांतला कुणीही निरक्षर नव्हे, कारण निरक्षराला ते ॲप उघडताच येणार नाही. दहावी पासची अट लावून यांतले कितीजण वाचले असते?

मग उत्तर मिळूनही हे लोक शिकत का नाहीत? कारण ते उत्तर नेमके कशाचे आहे हेच ठरत नाही. भिंत झुकली तर दोष दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. बाजारात मात्र चुकीचा निर्णयही अधूनमधून घसघशीत फायदा देतो, आणि बरोबर निर्णयही बुडवतो. फायदा झाला की ‘माझा अभ्यास’. तोटा झाला की भाव खेळवणाऱ्या ऑपरेटरने बाजार पाडला, ट्रम्प काहीतरी बोलला, स्टॉपलॉस (तोटा थांबवायला ठरवलेला भाव) जरा जवळ लावला. सुरुवातीच्या दोन-तीन सौद्यांत नशिबाने पैसे मिळालेला माणूस तर पुढची दोन वर्षे त्या आठवणीवर जगतो. डनिंग यांनीच कार्मेन सांचेझ यांच्याबरोबर २०१८ साली दाखवले की अगदी कोरा माणूस उलट बिचकत सुरुवात करतो. फाजील आत्मविश्वास येतो तो थोडासा अनुभव गाठीला लागल्यावर. आपल्याकडे भर्तृहरीने हे आधीच नोंदवून ठेवले आहे. अज्ञ माणसाची समजूत घालणे सोपे, जाणकाराची त्याहून सोपी. पण ज्ञानाचा कण मिळून जो बिघडला त्याला ब्रह्मदेवही समजावू शकत नाही. तेव्हा माझ्या सिद्धान्ताला दुरुस्ती करून घेतो: उत्तर लवकर आणि स्पष्ट हवेच, पण ते झटकून टाकता येणार नाही असेही हवे.

काम गप्प बसले किंवा संदिग्ध बोलले की त्या रिकाम्या जागेत कोण बोलते? समाज बोलतो. जॉयस अर्लिंगर आणि डनिंग यांनी २००३ मध्ये विद्यापीठातल्या मुला-मुलींची विज्ञानाची छोटी परीक्षा घेतली. गुण दोघांचे जवळजवळ सारखे. पण ‘आपल्याला किती पडले असतील’ या प्रश्नावर मुलींनी मुलांपेक्षा कमी आकडा सांगितला, आणि पुढच्या विज्ञान स्पर्धेत नाव द्यायलाही मुली कचरल्या. त्यांनी अंदाज बांधला तो उत्तरपत्रिकेवरून नव्हे. विज्ञान आपला प्रांत नाही, असे जे त्या लहानपणापासून ऐकत आल्या त्यावरून. हे एकदा लक्षात घेतले की ‘अडाण्याला आपले अज्ञान कळत नाही’ या वाक्याचा उलट अर्धाही दिसू लागतो: ज्याला आयुष्यभर अडाणी म्हटले गेले त्याला आपले ज्ञानही कळेनासे होते. आपल्या ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, आणि निवडून आलेल्या बाईच्या खुर्चीत बसणारे ‘सरपंचपती’ आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्या दोघांत आत्मविश्वास कुणाचा जास्त असतो आणि तो कोणत्या पदवीतून आलेला असतो?

हरियाणाने २०१५ साली पंचायतीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली, तिचा घाव पडला तो प्रामुख्याने स्त्रियांवर आणि दलितांवर, कारण शाळेने आधी वगळलेले लोक तेच होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये राजबाला खटल्यात ती अट वैध ठरवली आणि त्या निकालात असा विचार मांडला की बरे-वाईट, योग्य-अयोग्य यांतला भेद करण्याची शक्ती माणसाला केवळ शिक्षणातून मिळते. राजस्थानने अशीच अट आधी आणली होती, २०१९ मध्ये ती काढून टाकली. निकालातला तो विचार मला न्यायालयाविषयी पूर्ण आदर राखूनही पटत नाही, आणि तो न पटणारा मी पहिला नव्हे. सायमन कमिशनसमोर प्रौढ मताधिकार मागताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साक्षरतेच्या अटीवर दोन आक्षेप घेतले होते: निरक्षर म्हणजे निर्बुद्ध हे गृहीतच चूक, आणि साक्षरतेने बुद्धी आपोआप वर चढते हेही चूक. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊन आलेला माणूस हे म्हणतो आहे, हे विसरू नये. पुढे १९५१ च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम १८ टक्के असताना या देशाने सगळ्या प्रौढांना मत दिले. तेव्हाही ‘यांना काय कळते’ असे म्हणणारे शहाणे काही कमी नव्हते. आणि जरा मागे जायचे तर, रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खाच्या लक्षणांना दिला आणि दहावा पढतमूर्खाच्या. शिकून मूर्ख राहिलेल्याला त्यांना वेगळा समास खर्ची घालावा लागला तो काही उगाच नाही.

पढतमूर्खपणा किती महाग पडतो याचे उदाहरण अवकाशातून घ्या. १९८६ साली अमेरिकेच्या नासा या अवकाश संस्थेचे चॅलेंजर हे शटल यान सात जणांसह फुटले. चौकशी समितीवरचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना दिसले की यान नष्ट होण्याची शक्यता किती, या प्रश्नावर नासाचे व्यवस्थापन ‘लाखात एक’ म्हणत होते आणि प्रत्यक्ष यंत्राशी झटणारे अभियंते ‘शंभरात एक’च्या आसपास. शटलचा सगळा कार्यक्रम संपला तेव्हा हिशेब झाला: १३५ उड्डाणे, दोन याने गेली. अभियंते बरोबर निघाले. व्यवस्थापक अडाणी नव्हते. त्यांच्या टेबलापर्यंत वाईट बातमी पोचायची वाट मात्र बंद झाली होती. आधीच्या उड्डाणांत रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी कड्या जळाल्याचे दिसूनही यान परत आले होते, आणि परत आले म्हणजे चालते, असा अर्थ लावला गेला. हा तर्क आणि दोन सौद्यांत पैसे मिळालेल्या ट्रेडरचा तर्क यांत मला तरी फरक दिसत नाही.

आता विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. ते म्हणतील, हे सगळे ठीक. पण पदवी नसलेल्या माणसाकडून तुम्ही पोटाचे ऑपरेशन करून घ्याल का? गाडी चालवायला परवाना लागतो, मग गावाचा लाखोंचा निधी चालवायला काहीच नको? याला उत्तर द्यायलाच हवे. शल्यविशारदाची परीक्षा शल्यकर्माचीच असते. वर्षानुवर्षे वरिष्ठांच्या डोळ्यांसमोर हात चालवून तो तिथे पोचतो. सातवीचा दाखला सरपंचाच्या कामातले काय तपासतो? अंदाजपत्रक, वित्त आयोगाच्या पैशाचा विनियोग, दोन भावकींतले भांडण मिटवणे, तालुक्याच्या साहेबाकडून काम करून घेणे, यांतले काहीही नाही. सरपंचाच्या खऱ्या कामाचे प्रशिक्षण द्या, निवडून आल्यावर सक्तीने द्या, मी हात वर करून पाठिंबा देतो. आणि परवान्याचे म्हणाल तर २०२२ साली देशात रस्त्यांवर १.६८ लाख माणसे मेली. ती चिरडणाऱ्यांतल्या बहुतेकांच्या खिशात परवाना असणार. रस्ता चुकीचे उत्तर रोज देत नाही. दहा वेळा उलट्या बाजूने ओव्हरटेक केले आणि काही झाले नाही, की अकराव्यांदा माणूस स्वतःला कुशल समजतो.

सरपंचासाठी ओळंबा कोणता? कायद्याने तो दिलेला आहे आणि त्याचे नाव ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी तो काढायचा असतो. बहुतेक गावांत होते काय? गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते, मग कधीतरी पाच-पन्नास डोकी जमतात किंवा जमल्याचे दाखवले जाते, वहीवर सह्या फिरतात आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिले जाते. अशा गावातला सरपंच एम.ए. असो की अंगठाबहाद्दर, पाच वर्षांनी त्याला आपण फार उत्तम कारभार केला असेच वाटणार. त्याला खोटे ठरवणारे काही त्याच्यासमोर आलेच कुठे?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजारात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती मिलिमीटर झाला, विहिरींत किती उरले, पिण्याला किती, जनावरांना किती, आणि मग उरलेल्यात कोणते पीक घ्यायचे, हे गाव बसून ठरवते. तिथल्या कारभाराचे श्रेय ज्यांना जाते ते पोपटराव पवार एम.कॉम. आहेत, हे माझ्या विरोधात जाते आणि ते मी लपवत नाही. अशी पद्धत बसवायला शिकलेला माणूस उपयोगी पडतो. पण एकदा पर्जन्यमापक लागला की त्यापुढे एम.कॉम. आणि चौथी नापास यांची किंमत सारखी होते. यंदा ऊस लावला तरी चालेल असा कुणाचा कितीही दांडगा आत्मविश्वास असो, आकडा फळ्यावर असतो.

सगळ्याच कारभाराला असा फळा मिळत नाही, ही यातली खरी अडचण. रोजगार हमीच्या कामांना सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावासमोर होणारी तपासणी, कायद्यानेच आले, ग्रामपंचायतींचे लेखापरीक्षणही होते; पण गावात दोन गट असले की आक्षेप कुठल्या गटाने काढायला लावला एवढ्यावरच चर्चा होते, आणि सरपंच तो आक्षेप ट्रेडरने तोटा झटकावा तसा झटकून मोकळा होतो. पर्जन्यमापक कुठल्याच गटाचा नसतो. लेखापरीक्षकाविषयी, ग्रामसेवकाविषयी, तालुक्याहून येणाऱ्या अधिकाऱ्याविषयी तसे छातीठोकपणे म्हणता येत नाही. सातवी की दहावी यावर घसा कोरडा करणाऱ्यांना भांडायचेच असेल, तर ते इथे येऊन भांडावे.